पाकिटातली नटी

नमस्कार श्रोतेहो.

काडेपेटीवरची चित्रं आपल्यापैकी पुष्कळांनी जमवली असतील. आजची गोष्ट सिगारेटच्या पाकिटातल्या चित्राची. पाकिटातल्या नटीची.

अमेरिकेत 1880च्या सुमाराला सिगारेटचं पाकीट पातळ कागदाचं असे. खिशात चुरगळू नये म्हणून आत पुठ्ठ्याचा तुकडा घालत. त्या पुठ्ठ्यावर नाटकातल्या नट्यांची छायाचित्रं आली. त्याच दशकात सिगारेटी वळणारं बॉन्सॅकचं यंत्र आलं. कसबी कामगार दिवसाला तीनेक हजार सिगारेटी वळे, यंत्र लाखाच्या वर. एवढ्या सिगारेटी ओढणार कोण? मग गिऱ्हाईक घडवायला घेतलं. एका पाकिटात एक नटी. दुसरी हवी, तर दुसरं पाकीट घ्या. मुलांनी जमवावं, पिसं जमवावीत, शंख जमवावेत, असं मी नेहमी सांगतो. पण दर वेळी पैसे मोजायला लावणारा छंद मुलांच्या हाती देऊ नये.

आता अशाच एका सिगारेटवाल्याच्या वडिलांविषयी, वॉशिंग्टन ड्यूक यांच्याविषयी. नॉर्थ कॅरोलायनातले शेतकरी. 1865 मध्ये यादवी युद्ध संपलं आणि हे 137 मैल पायी घरी आले, खिशात अर्धा डॉलर, असं सांगतात. घरचा तंबाखू कुटला, पिशव्यांत भरला, गाडीला दोन आंधळी खेचरं जुंपली आणि गावोगाव विकत फिरले. पुढे धाकट्या मुलानं, जेम्सनं, सिगारेटी काढल्या, पाकिटात नट्या घातल्या. 1890 मध्ये पाच कंपन्या एकत्र करून अमेरिकन टोबॅको कंपनी उभी केली.

आणि 1894च्या ऑक्टोबरात वडिलांनी या मुलाला पत्र लिहिलं. सोबत एका धर्मोपदेशकाची तक्रार जोडली. ही चित्रं तरुण मुलामुलींना बिघडवतात, असली जाहिरात मला कधीच पटलेली नाही, असं कळवलं. तुझ्या या जाहिरातींमुळे कायदेमंडळात सिगारेटीविरुद्ध बोलणाऱ्यांचंच बळ वाढेल, असंही बजावलं. बघा, वडील भाविक होते, पण व्यापारीही होते. एकाच पत्रात धर्म आणि धंदा, दोन्ही. मला हे पत्र फार आवडतं, कारण मुलाच्या वैभवापुढे म्हातारा गप्प बसला नाही.

1924 मध्ये जेम्सनं नॉर्थ कॅरोलायनातल्याच डरहॅम गावच्या महाविद्यालयाला मोठी देणगी दिली आणि त्याचं ड्यूक विद्यापीठ झालं. तिथे आवारात वडिलांचा पुतळा आहे, खुर्चीत बसलेला. आणि त्याच विद्यापीठाच्या ग्रंथालयात ती नट्यांची चित्रं जपून ठेवली आहेत.

नमस्कार.