लिबर्टीबाईला झापं

नमस्कार मंडळी. मागच्या जूनमध्ये देवगडकडे जात होतो, तर रस्त्याकडेच्या एका रिसॉर्टच्या गेटवर चक्क लिबर्टीबाई उभी. न्यूयॉर्कची ती स्टॅच्यू ऑफ लिबर्टी हो, पण फायबरची, माडाच्या निम्मी पण नाही, आणि पावसाची झड लागू नये म्हणून मालकाने तिला कमरेपर्यंत झापं, म्हणजे माडाच्या विणलेल्या झावळ्या, बांधलेली, आपण मातीच्या भिंतीला बांधायचो ना तश्शी. हसलो मी, खोटं कशाला बोलू. मनात म्हटलं, काय ही नक्कल.

पण मग घरी येऊन वाचत बसलो आणि माझं हसू जरा आवरलं, कारण न्यूयॉर्कची जी खरी म्हणतो तीपण एका अर्थी कॉपीच आहे की. बार्थोल्डी नावाच्या फ्रेंच शिल्पकाराने आधी छोटं मॉडेल केलं, मग त्यावरून टप्प्याटप्प्याने मोठं करत करत ४६ मीटरपर्यंत नेलं. लाकडी साच्यावर तांब्याचा पत्रा ठेवायचा आणि ठोकायचा, म्हणजे आपल्या तांबटाचंच काम. पत्रा अडीच मिलिमीटरसुद्धा जाड नाही! आतला सांगाडा आयफेलचा, टॉवरवाला तोच. आणि तो हिरवा रंग कुणी दिलेला नाही, १८८६ पासून खाऱ्या वाऱ्यात उभी आहे बाई, आजीच्या घंगाळाला चार दिवस चिंच लागली नाही की जो हिरवा थर यायचा तोच हा.

त्याच्याही आधीची गंमत म्हणजे याच बार्थोल्डीने सुएझ कालव्याच्या तोंडाशी हातात दिवा घेतलेल्या बाईचं दीपगृह उभारायचा प्लॅन इजिप्तच्या राजाला दाखवला होता, १८६९ ची गोष्ट. ते जमलं नाही. जमलं असतं तर मुंबईला येणाऱ्या बोटी तिच्या पायाशी वळूनच आल्या असत्या.

बरं, नकलांचं. पॅरिसमध्ये सीन नदीतल्या बेटावर १८८९ पासून एक आहे, साडेअकरा मीटरची. आधी तिचं तोंड पूर्वेला होतं, ते बार्थोल्डीला पटलं नव्हतं, १९३७ मध्ये तिला पश्चिमेकडे, म्हणजे अमेरिकेच्या दिशेला फिरवली. हीच पुढे १९९८ मध्ये वर्षभर टोकियोला पाहुणी गेली, तिथल्या लोकांना इतकी आवडली की ती परत गेल्यावर त्यांनी २००० मध्ये स्वतःची करून घेतली.

आणि सगळ्यात भारी किस्सा लास वेगासचा. तिथल्या एका हॉटेलसमोर एक लिबर्टी आहे, आणि २०१० मध्ये अमेरिकेच्या पोस्टाने स्टॅम्प काढला त्यावर खरीचा फोटो समजून या हॉटेलवालीचाच छापला, आणि एकदोन नाही, अब्जावधी छापले हो! चूक पकडली ती एका स्टॅम्प जमवणाऱ्याने. मग ती घडवणारा शिल्पकार डेव्हिडसन कोर्टात गेला, म्हणाला माझ्या बाईचा चेहरा वेगळा आहे, मी तो माझ्या सासूच्या फोटोवरून घेतलाय. कोर्टाला पटलं! २०१८ मध्ये पोस्टाला ३५ लाख डॉलर मोजायला लावले. सासूचा चेहरा एवढा फळलेला जावई दुसरा कुठे बघितला नाही मी.

गणपतीनंतर परत त्याच रस्त्याने आलो तर झापं सोडलेली, मशालीवर कावळा, आणि बाई उभी दर्याकडे पाठ करून. मालकाला म्हटलं, अहो पॅरिसवाल्यांनी आपली मुद्दाम पश्चिमेला फिरवली, तुमच्याकडे तर पश्चिमेला अख्खा समुद्र आहे, मग बाईचं तोंड डांबरी रस्त्याकडे कशाला? तो शहाळं सोलता सोलता म्हणाला, "गिऱ्हाईक काय दर्यातसून येतला?"