फुकट वायफायची लाइन कुणाच्या बिलावर?

सदाशिव पेठ. जिन्या-जिन्यावर अभ्यासिकांच्या पाट्या, खाली झेरॉक्सची दुकानं. त्यातल्याच एका दुकानाच्या छज्जाखाली ही पांढरी पेटी बसतेय, वायफायचा ॲक्सेस पॉइंट.

उंची दहाएक फूट. खाली लावली तर गर्दी आणि उभ्या गाड्या सिग्नल अडवतात. फार वर नेली तर मोबाइलवर कांड्या भरलेल्या दिसतात, पण फोनचा बारीक सिग्नल पेटीपर्यंत परत पोचत नाही आणि पान उघडतच नाही. फ्लेक्सच्या लोखंडी चौकटीपासूनही लांबच ठेवायची. वीज आणि डेटा, दोन्ही या एकाच कॅट-सिक्स केबलमधून येतात. तिची मर्यादा 100 मीटर. आता केबलला दिलेला हा झोल बघा. पावसाचं पाणी झोलाच्या तळाशी येऊन ठिबकून जातं. झोल नसला की ओघळ थेट सॉकेटमध्ये उतरतो, पिना हिरव्या पडतात आणि भर जुलैत पेटी बंद.

पेटीचा चॅनेल 1, 6 किंवा 11. वायफायच्या 2.4 गिगाहर्ट्झ पट्ट्यात एकमेकांत न मिसळणारे तेवढेच. गल्लीत घरोघरी राउटर, म्हणून आधी मोबाइलवर तपासून त्यातल्या त्यात मोकळा चॅनेल घ्यायचा. वाड्याच्या जाड भिंतीपलीकडे 5 गिगाहर्ट्झ पट्ट्याचा सिग्नल जवळपास पोचतच नाही. तिथे आत दुसरी पेटी लागते.

दुकानदाराला हे करता येतं ते पीएम-वाणी या केंद्राच्या सार्वजनिक वायफाय योजनेमुळे. 9 डिसेंबर 2020 ला केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली. दुकानदार झाला पीडीओ, म्हणजे पब्लिक डेटा ऑफिस, लोकांना वायफाय देणारं ठिकाण: परवाना नको, नोंदणी नको, शुल्क नको.

पण पेटीमागच्या फायबरचं बिल दर महिन्याला येतं. जून 2025 मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, ठरवून दिलं, की 200 एमबीपीएसपर्यंतच्या प्लॅनला पीडीओकडून घरगुती दराच्या दुपटीहून जास्त घ्यायचं नाही. म्हणजे दुपटीपर्यंत घेता येतं, आणि तेही या काउंटरवरूनच जायचं.

राज्यसभेत डिसेंबर 2023 मध्ये खासदार व्ही. शिवदासन यांनी मोफत इंटरनेटच्या हक्काचं खासगी सदस्य विधेयक मांडलं. खर्च सरकारी तिजोरीतून होणार, म्हणून ते विचारात घ्यायला राष्ट्रपतींची शिफारस लागते, ती मिळालीय. हक्काच्या कायद्यात या फायबरच्या बिलाची तरतूद स्पष्ट शब्दांत हवी. ती नसेल तर पेट्या लागतील आणि लाइनचं बिल थकलं की बंद पडतील.

आणि इथल्या अभ्यासिकांत मोबाइलचा डेटा संपला की ऑनलाइन टेस्ट अर्ध्यात सुटते.

पेटीवरचा दिवा हिरवा झाला. ॲप उघडायचं, मोबाइल नंबर, ओटीपी. नोंदणी एकदाच.