देवगिरीची पोती

नमस्कार, श्रोतेहो.

दिवाळीला संभाजीनगरात पाव्हणे आले की बेत ठरलेला असतो. सकाळी निवांत गाडी काढायची, दौलताबादला अर्धा तास थांबायचं, चांद मिनारासमोर फोटो काढायचा आणि लगोलग वेरूळ गाठायचं. हा बेत मोडा, एवढंच आज सांगायचंय. दौलताबाद संभाजीनगरापासून जेमतेम पंधरा किलोमीटर. खुलताबाद-कन्नडकडे जाणारी एसटी किल्ल्याजवळ उतरवते. या गावाला अख्खी सकाळ द्या. वेरूळ दुसऱ्या दिवशी करा. तो दिवस मंगळवार मात्र नको, मंगळवारी लेणी बंद असतात.

पाव्हण्यांना घेऊन अकरा वाजता पायथ्याशी पोचलात तर मिनारापासूनच परत फिरावं लागेल, कारण वर सावली नाही. सकाळी दार उघडताच आत शिरा. वरच्या बारादरी महालापर्यंत साडेसातशेच्या आसपास पायऱ्या आहेत. जाऊन-येऊन तीन तास धरा. स्लीपर नको, बूट घाला. पिशवीत टॉर्च आणि पाणी. पुन्हा सांगतो, टॉर्च आणि पाणी. पाणी माणशी दीड लिटर, आणि पिशवी घरीच उघडून बघा. का, ते या किल्ल्याच्याच एका गोष्टीत आहे.

साल 1296. देवगिरीवर, म्हणजे आजच्या दौलताबादवर, रामदेवराय यादवांचं राज्य. त्यांची बरीचशी फौज युवराज शंकरदेवाबरोबर दूर गेलेली. नेमक्या त्या वेळी अल्लाउद्दीन खिलजी काही हजार घोडेस्वार घेऊन आला. तो अजून सुलतान झालेला नव्हता. दिल्लीच्या सुलतानाचा पुतण्या आणि जावई होता, आणि काकाला न सांगता इतक्या लांब आला होता. त्यानं हूल उठवली, मागून दिल्लीची मोठी फौज येतेय. रामदेवराय किल्ल्यात गेले. आज आपण पुलावरून ओलांडतो तो खंदकही तेव्हा नव्हता, असं इतिहासकार फरिश्ता सांगतो. या घटनेनंतर तीनशेएक वर्षांनी त्यानं ही हकिकत फारसीत लिहिली.

आता ऐका. त्याच सुमाराला कोकणातून व्यापाऱ्यांचा तांडा आला होता. हल्ल्याच्या धास्तीनं ते माल तिथंच टाकून पळाले. दोन-तीन हजार पोती! किल्ल्यातल्या लोकांना वाटलं, धान्य आहे. घाईघाईनं पोती आत ओढली. तोंडं कुणी सोडली नाहीत. वेळ कुठं होता?

पुढं तहाची बोलणी झाली, आणि तेवढ्यात शंकरदेव फौजेसह परतला. वडिलांनी निरोप धाडला, लढू नकोस. तो लढला. खिलजीची माणसं मागं हटायला लागली होती. पण किल्ल्याला वेढा घालून बसलेली त्याची एक हजाराची तुकडी धावून आली. धुरळा एवढा उठला की सगळ्यांना वाटलं, दिल्लीची फौज आली! हूल खरी वाटली आणि मराठी सैन्य पांगलं.

तरीही किल्ला उभा होता. तो ताशीव कडा चढणार कोण? आत बसून राहायचं, आणि बसायला धान्य होतं ना! मग पोती सोडली. पहिल्यात मीठ. दुसऱ्यात मीठ. तिसऱ्यातही मीठ. कोकणचा व्यापारी घाटावर मीठच आणणार! मिठावर किती दिवस काढणार? रामदेवरायांना शरण जावं लागलं. 600 मण सोनं दिलं, असा आकडा फरिश्ता देतो.

ही गोष्ट पायथ्याशी सांगू नका. पोरांना घेऊन कड्यासमोर उभे राहा, तो उभा तासलेला काळा दगड वरपर्यंत बघू द्या, आणि मग सांगा. असला किल्ला पोत्यांनी घालवला, हे तिथंच कळतं.

पूल ओलांडला की अंधारी लागते, अंधारा बोगदा. उन्हातून थेट आत शिरू नका, तोंडाशी दोन मिनिटं थांबा. डोळे सरावत नाहीत म्हणूनच माणसं ठेचाळतात. पायऱ्यांची उंची सारखी नाही, वटवाघळांच्या लेंडांनी दगड निसरडा होतो. एक हात भिंतीला, टॉर्च पायांवर. छताकडे मारली की वटवाघळं उठतात आणि पुढची पोरं घाबरून मागं रेटतात. आणि भिंतीवर नावं कोरणाऱ्यांना तिथल्या तिथं हटका. गप्प बसणाऱ्यांमुळंच ते सोकावलेत.

चिनी महाल बघा, गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन इथं कैदेत होता. जवळच्या बुरुजावर मेंढा तोफ आहे. तिच्या मागच्या टोकाला मेंढ्याचं डोकं आहे, पोरांना ते शोधायला सांगा. दुपारी कागजीपुऱ्याला जा. तिथल्या हातकागदाची एक शीट उजेडात धरा, धागे दिसतील.

निघताना सीताफळं घ्या. दगडासारखं कडक नको, फुटलेलंही नको. डोळ्यांमधल्या रेषा पांढरट-पिवळसर झालेलं फळ घ्या, घरी ज्वारीत ठेवलं की दोन-तीन दिवसांत पिकतं. कच्चं फ्रीजमध्ये टाकलं तर काळं पडतं, पिकत नाही. आणि त्याची बासुंदी करायची असेल तर दूध आटवून पूर्ण गार होऊ द्या, गर त्यानंतर घाला. गरम दुधात घातला की कडवटतो. खरं तर बासुंदी कशाला, सीताफळ नुसतंच खावं, हातानं, ओसरीवर बसून.

नमस्कार.