लाल रेघ: दुधातले जिवाणू पकडणारी पट्टी

(दृश्य: पहाट. संकलन केंद्र, कॅनची रांग, काटा)

अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूर तालुक्यातलं हे दूध संकलन केंद्र. कॅन आला की फॅट लागतं, एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन घटक) लागतं, पावतीवर भाव छापून येतो. सगळं मिनिटभरात. पण दुधात साल्मोनेला हा आजार पसरवणारा जिवाणू आहे का, हे इथलं एकही यंत्र सांगत नाही. त्यासाठी नमुना शहरात जातो. २५ मिलिलिटर दूध २२५ मिलिलिटर पोषक द्रवात, ३७ अंशांवर १८ तास. मग दुसरं माध्यम, मग जिवाणू वाढवायची प्लेट, मग खात्री. अहवालाला चार-पाच दिवस. तोवर दूध पिऊन झालेलं असतं.

तपासणी इथं, काट्याशेजारीच व्हायला हवी. त्यासाठी ही पट्टी: दुधात साल्मोनेला असेल तर तिच्यावर लाल रेघ उमटते.

(दृश्य: प्रयोगशाळा. उकळता फ्लास्क, जवळून)

पट्टीवरची रेघ ज्या रंगानं उमटते, तो इथं तयार होतो. ०.०१ टक्के गोल्ड क्लोराइडचं १०० मिलिलिटर द्रावण. फिकट पिवळं. खळखळून उकळी आली की एक टक्क्याचं सोडियम सायट्रेट, एक मिलिलिटर, एका दमात.

आता फक्त फ्लास्ककडं पाहा.

पिवळेपणा गेला. करडं झालं. शाई सांडावी तसं निळं-काळं. जांभळं. आणि काही मिनिटांत अंबाडीच्या सरबतासारखं लालभडक.

हे सोनंच आहे. एकेक कण साधारण ४० नॅनोमीटरचा. केसाच्या जाडीचे दोन हजार भाग केले तर त्यातला एक. एवढं बारीक सोनं हिरवा प्रकाश शोषून घेतं, म्हणून लाल दिसतं. पद्धत १९५१ची, रसायनशास्त्रज्ञ टर्केविच यांची. सायट्रेट कमी-जास्त केलं की कणाचा आकार बदलतो, हे फ्रेन्स यांनी १९७३मध्ये दाखवलं. एकाच्या जागी दोन मिलिलिटर घातलं तर कण १६ नॅनोमीटरवर येतात, आणि रेघ फिकी उमटते.

फ्लास्क अम्लराजानं, म्हणजे नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांच्या मिश्रणानं, धुतलेला लागतो. काचेला जुना डाग राहिला तरी कण एकमेकांना चिकटतात.

(दृश्य: दोन परीक्षानळ्या. एकीत डिस्टिल्ड पाणी, दुसरीत बोअरचं)

आणि हे खारपाणपट्ट्याचं, म्हणजे जमिनीखालचं पाणी खारट असलेल्या इथल्या भागाचं पाणी. डावीकडं सोन्यात डिस्टिल्ड पाणी: लालच राहिलं. उजवीकडं तेवढंच बोअरचं पाणी: लाल गेलं, निळसर झालं, तळाशी गाळ धरू लागलं. कण एकमेकांना दूर ठेवतात ते विजेच्या भारानं. पाण्यातले क्षार तो भार झाकून टाकतात. या भागात काम करायचं तर हे आधी ध्यानात ठेवावं लागतं. बफरला (सामू स्थिर ठेवणाऱ्या द्रावणाला), धुण्याला, कशालाही नळाचं पाणी चालत नाही.

हाच दोष पुढं परीक्षेला उपयोगी पडतो. पोटॅशियम कार्बोनेटनं सामू साडेआठच्या आसपास आणून सोन्यावर साल्मोनेला ओळखून त्याला चिकटणारी प्रतिपिंडं (अँटिबॉडी) चढवतात. मग एक मिलिलिटर काढून त्यात दहा टक्के मिठाचं पाणी, ०.१ मिलिलिटर. लाल टिकलं तर प्रतिपिंडं पुरेशी बसली. निळं झालं तर कमी पडली.

(दृश्य: पट्टी जुळवणारे हात)

नमुन्याची गादी, रंगाची गादी, रेघा जिथं उमटतात तो नायट्रोसेल्युलोजचा पडदा, शोषक गादी. प्रत्येक तुकडा पुढच्यावर एक-दोन मिलिमीटर चढलाच पाहिजे. फट राहिली की द्रव तिथंच थांबतो. रंगाच्या गादीत साखर आणि ट्रेहॅलोज (साखरेचाच एक प्रकार) घालून वाळवतात. वाळताना ही साखर प्रतिपिंडांना धरून ठेवते आणि ओलं होताच सोडून देते. पाऊच फोडण्याआधी खोलीतला कूलर बंद. त्याची दमट हवा गादीत शिरली की पट्टी वापरण्याआधीच बिघडायला लागते.

(दृश्य: म्हैस, धार, चरवी)

पाण्यावर चालणारी पट्टी दुधावर अडते. ही नागपुरी म्हैस, एलिचपुरीही म्हणतात तिला. फॅट सातच्या पुढं. ते पडद्याची छिद्रं बुजवतं, रंग वर सरकतच नाही. साय काढून दूध बफरमध्ये पातळ करावं लागतं. पण पातळ केलं की जिवाणूही विरळ होतात, आणि साध्या सोन्याच्या पट्टीला मिलिलिटरला लाख ते दहा लाख जिवाणू लागतात.

(दृश्य: चुंबक लावलेली नळी. तपकिरी कण भिंतीकडं सरकतात)

इथं लोहाच्या ऑक्साइडचे चुंबकी नॅनोकण कामी येतात. त्यांच्यावरही तीच प्रतिपिंडं. दहा मिलिलिटर नमुन्यात अर्धा तास हलवायचं. मग चुंबक. बघा, सगळा तपकिरी रंग कसा एका बाजूला गोळा होतो. वरचं दूध ओतून द्यायचं, ०.१ मिलिलिटर बफरमध्ये कण सोडायचे. दहाचं ०.१ झालं, म्हणजे सगळे जिवाणू कणांना लागले तर शंभर पट दाट. सगळे लागत नाहीत. सायीचे गोळे बरेचसे पळवतात.

सोन्यावर प्लॅटिनमचा थर दिला तर रेघेवर रसायन टाकून ती निळी आणि आणखी गडद करता येते. पण कच्च्या दुधात स्वतःचं पेरॉक्सिडेज असतं, तेच रसायन निळं करणारं विकर. नीट धुतलं नाही तर अख्खी पट्टी निळी.

एवढं करूनही '२५ मिलिलिटरमध्ये एकही नको' हा निकष थेट गाठता येत नाही. पोषक द्रवात सहा-आठ तास ठेवावंच लागतं. तरी चार-पाच दिवसांचं काम एका दिवसावर येतं.

(दृश्य: पट्टी, रेघ उमटताना. सलग, न कापता)

पंधराव्या मिनिटाला वाचायची. वरची रेघ पट्टी नीट चालल्याची, खालची साल्मोनेलाची. वरची नसेल तर पट्टी बाद, खालची दिसो वा न दिसो. दोन्ही आल्या तर नमुना संशयित. खात्री प्लेटवरच, कारण मेलेले जिवाणूही रेघ देतात. उशीर झाला तर पडदा सुकतो, रंग मागं फिरतो आणि खोटी रेघ दिसते. वैशाखातल्या कोरड्या हवेत हे लवकर होतं.

(दृश्य: पत्र्याचं छत, तारेला टांगलेले पाऊच, तापमापी)

पाऊचवर सहसा लिहिलेलं असतं: ३० अंशांखाली ठेवा. मे महिन्यात इथं पारा ४५ला जातो, पत्र्याखाली त्याहून वर. म्हणून हे पाऊच मुद्दाम इथं टांगलेत. दर आठवड्याला एक फोडतात, ठरलेल्या नमुन्यावर चालवतात आणि रेघेचा फोटो पहिल्या दिवसाच्या फोटोशेजारी चिकटवतात.