आकडा आपल्या नावावर

(दृश्य: कापणी झालेल्या धानाच्या बांध्या. फाट्यावर बॅगा घेऊन एसटीची वाट पाहणारे तरुण.)

धान घरात आलं की पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीतली गावं रिकामी होऊ लागतात. कुणी मिरची तोडायला तेलंगणात जातं. आयटीआयमधून फिटर, वेल्डर होऊन बाहेर पडलेली पोरं ठेकेदारासोबत शटडाऊनच्या, म्हणजे केंद्र बंद ठेवून करायच्या दुरुस्तीच्या, कामाला निघतात. आधी चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रातला बॉयलर. हात बसला की लांबची कामं मिळतात, आणि त्यातली काही अणुवीज केंद्रांतली असतात. तारापूर, काक्रापार, रावतभाटा. विदर्भात अणुभट्टी नाही. पण तिथे राबणारे हात इथूनही जातात, म्हणून त्या कामातल्या सुरक्षेची गोष्ट इथेच सांगायला हवी.

ब्रह्मपुरी तालुक्यातल्या एका घरात सुट्टीवर आलेल्या लेकाला माय विचारते, "तुह्या कपड्याइतून तं काही घरी येत नाही ना, बाबू?"

प्रश्न अगदी नेमका आहे. किरणं अंगावर पडणं वेगळं आणि किरणोत्सारी धूळ किंवा पाणी अंगाला लागणं वेगळं. एक्स-रे काढून आलेला माणूस घरी किरणं घेऊन येत नाही. धूळ मात्र कपड्यांवर बसून, श्वासातून, हाताला लागून सोबत येऊ शकते. म्हणून केंद्राच्या आतल्या भागाचे विभाग पाडलेले असतात. आतले कपडे आणि बूट आतच राहतात. बाहेर पडताना हात-पाय किरणोत्सर्ग मोजणाऱ्या मॉनिटरवर ठेवायचे. घंटा वाजली तर धुवायचं आणि पुन्हा मोजायचं. मॉनिटरने होकार दिल्याशिवाय बाहेर पडता येत नाही.

डोळ्यांना न दिसणारं विष विदर्भाने जवळून पाहिलं आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसं गेली. त्यांच्या अंगात किती औषध भिनतंय, हे त्या वेळी बांधावर कुणी मोजत नव्हतं. किरणोत्सर्गाचं एक बरं आहे, तो मोजता येतो. अगदी थोडासा असला तरी मोजता येतो. म्हणूनच मोजलं नाही, तर त्याला सबब उरत नाही.

(दृश्य: छातीवर लावलेला टीएलडी बिल्ला, जवळून.)

हा टीएलडी बिल्ला. आतल्या छोट्या चकत्यांवर किरणं पडली की त्यांची ऊर्जा तिथे साठून राहते. पुढे प्रयोगशाळेत चकती तापवली की ती उजळते, आणि त्या उजेडावरून डोस, म्हणजे अंगावर किती किरणं पडली ते, कळतो. मोजमाप मिलिसिव्हर्टमध्ये. अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ साली स्थापन झालं. त्याने घालून दिलेली मर्यादा अशी: कामगारासाठी पाच वर्षांची सरासरी काढली तर वर्षाला २०, आणि कुठल्याही एका वर्षात ३० पेक्षा जास्त नाही. केंद्राबाहेरच्या सामान्य माणसासाठी वर्षाला १.

मर्यादेपर्यंत डोस घ्यायला हरकत नाही, असा याचा अर्थ मुळीच नाही. जितका कमी करता येईल तितका करायचा. त्यासाठी वेळ कमी, अंतर जास्त आणि मध्ये आडोसा. स्रोत लहान असेल तर अंतर दुप्पट केल्यावर मारा चौथाईवर येतो. अवघड कामाची तालीम आधी बाहेर, नकली सांगाड्यावर करतात, म्हणजे आत गेल्यावर पाना शोधण्यात मिनिटं जात नाहीत.

आता खरी अडचण. डोस वाढला की त्या माणसाला आतल्या कामावरून काढावं लागतं. रोजंदारीवरच्या पोराला त्यात मजुरी बुडताना दिसते. मग बिल्ला बाहेर ठेवून आत जावं, असा मोह होतो. यावर नुसत्या सूचना देऊन भागत नाही. डोस भरल्यामुळे ज्याचं आतलं काम थांबलं, त्याला बाहेरचं काम मिळालंच पाहिजे, तेही त्याच मजुरीत. ठेक्याच्या करारात हे लिहिलेलं असावं, असं आमचं ठाम मत आहे.

बिल्ल्याला सगळंच कळतं असंही नाही. जड पाण्यावर, म्हणजे हायड्रोजनचा जड प्रकार असलेल्या पाण्यावर, चालणाऱ्या भट्ट्यांत ट्रिशियम हा किरणोत्सारी हायड्रोजन तयार होतो. त्याची किरणं इतकी दुबळी की बिल्ल्यापर्यंत पोचतच नाहीत, पण ते पाण्यासोबत शरीरात जातं. म्हणून लघवीचे नमुने घेतात. २००९ च्या नोव्हेंबरमध्ये कर्नाटकातल्या कैगा केंद्रात नेहमीच्या तपासणीत काही कामगारांच्या नमुन्यांत ट्रिशियम जास्त आढळलं. शोध घेतला, तेव्हा पिण्याच्या पाण्याच्या एका कूलरमध्ये ट्रिशियम असलेलं जड पाणी मिसळलं गेल्याचं समोर आलं. पन्नासहून अधिक जण बाधित झाले होते. हे उघड झालं ते नमुने द्यायचा कंटाळा न केल्यामुळे.

(दृश्य: अंधारा जिना, टॉर्चचा उजेड.)

उत्तर प्रदेशातलं नरोरा अणुवीज केंद्र. ३१ मार्च १९९३ ची पहाट. पहिल्या युनिटच्या टर्बाइनची पाती तुटली, हायड्रोजन आणि तेलाने पेट घेतला, केबली जळाल्या. मुख्य आणि राखीव पुरवठ्याच्या केबली शेजारीशेजारी होत्या. सतरा तास केंद्रात वीज नव्हती. भट्टी बंद केली तरी इंधनातली उष्णता लगेच संपत नाही, थंड पाणी द्यावंच लागतं. डिझेलवर चालणारे आग विझवायचे पंप त्या कामी आले. भट्टी बंदच राहावी म्हणून काही कर्मचारी टॉर्च घेऊन अंधारात वर चढले आणि त्यांनी हाताने व्हॉल्व्ह उघडून बोरॉनचं द्रावण आत सोडलं. बाहेर किरणोत्सर्ग पसरला नाही. कुठला व्हॉल्व्ह कुठे आहे हे त्या माणसांना ठाऊक होतं, म्हणून हे जमलं. यंत्रणेतल्या चुकाही तेवढ्याच ठळक दिसल्या, आणि पुढे केबलींची रचना बदलावी लागली.

म्हणून चंद्रपूर-गडचिरोलीच्या आयटीआयमध्ये हे सगळं मराठीत शिकवलं जावं. केंद्रावर प्रशिक्षण मिळतंच, पण पहिल्यांदा घर सोडून गेलेला, अनोळखी भाषेत ऐकणारा पोरगा तिथे शंका विचारत नाही. त्याला आधीच ठाऊक असावं की परमिटवर, म्हणजे कामाच्या परवान्यावर, लिहिलेला वेळ संपला की काम अर्धवट टाकून बाहेर यायचं, आणि काही चुकीचं दिसलं तर मुकादम ओरडला तरी "थांबा" म्हणायचं. दर वेळी आपला डोस विचारायचा. काम संपवून निघताना तो आकडा लेखी घ्यायचा, टीएलडी नंबरासकट, आणि पुढच्या केंद्रावर गेल्यागेल्या दाखवायचा. ठेकेदार बदलतो, आधीचा डोस मात्र त्या पोराच्याच हिशोबात राहतो.