ताईची चिठ्ठी आणि चौथ्यांदा कोल्हापूर

नमस्कार मंडळी! आज जरा घरातलीच गोष्ट सांगतो. आमची ताई दिली कोल्हापूरला आणि आम्ही नाशिककर, त्यामुळे दर भाऊबीजेला रात्रीची बस धरायची आणि सकाळी डोळे चोळत कोल्हापूरच्या स्टँडवर उतरायचं हे ठरलेलंच. पहिल्या वर्षी अंबाबाई, रंकाळा, न्यू पॅलेस, पन्हाळा, जोतिबा सगळं दोन दिवसात उरकलं, वर तांबडा-पांढरा रस्सा वाटी-वाटी मागून घेतला. दुसऱ्या वर्षी पुन्हा तेच, फक्त फोटो कमी काढले. तिसऱ्या वर्षी मी पन्हाळ्यावर सज्जाकोठीच्या पायऱ्यांवर बसून चक्क मोबाईल बघत होतो. आता बोला.

चौथ्या वर्षी दाजींनी सकाळी चहा देता देता विचारलं, "मग पावणं, आज कुठं सोडू?" मी म्हटलं, दाजी खरं सांगू का, सगळं बघून झालंय, आता कोल्हापुरात बघायचं काही राहिलेलं नाही. दाजी काही बोलले नाहीत, नुसतं ताईकडे बघितलं. ताई आतून म्हणाली, "बघायचं राहिलं नाही ना, बरं झालं, मग माझी कामं कर." आणि वाणसामानाच्या यादीच्या मागच्या बाजूला तिनं कामं लिहून दिली. दाजींची चप्पल शिवायला टाकणं, काकवी, बापूसाठी (बापू म्हणजे आमचा भाचा) फुटबॉलचे स्टॉकिंग, आणि उद्या पहाटे दूध.

खरं सांगतो, तेव्हा मला राग आला होता, म्हणजे बारा-तेरा तासांचा प्रवास करून आलेल्या भावाला कुणी चप्पल शिवायला पाठवतं का.

तर चप्पल. शिवाजी चौकापासून जवळच चप्पल लाईन आहे, तुम्ही गेला असाल तर तिथं घासाघीस करून जोड घेतलाच असेल. मी पण घेतला होता पहिल्या वर्षी, आणि पावसात घालून वाट लावली होती, कारण कोल्हापुरी पाण्यात घालायची नसते हे घेताना विचारलंच नाही. पण विकत घ्यायला जाणं वेगळं आणि शिवायला जाणं वेगळं. घ्यायला गेलात की सगळे तुम्हाला बोलावतात, या साहेब बघा साहेब. शिवायला गेलो तर कुणी ढुंकून बघेना. शेवटी एका काकांनी हात पुढे केला, चप्पल घेतली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली आणि म्हणाले, "ही तुमची न्हवं." मी म्हटलं, नाही, दाजींची आहे, पण तुम्हाला कसं कळलं? तर त्यांनी डाव्या चपलेचा अंगठा वरच्या बाजूनं घासलेला दाखवला. "ह्यो गेर टाकणारा पाय हाय. गाडी लई चालवत्यात. आनि टाच बघा, भाइरनं झिजलीया. तुमी तसं चालत न्हाई, मगाशी येताना बघितलं मी." आता मी तीन वर्षं दाजींच्या त्याच गाडीवर मागं बसून फिरतोय, दाजी कसे चालतात ते मी काही बघितलं नव्हतं.

मग मी तिथंच बाकड्यावर बसलो. त्यांनी चामड्याची बारीक वादी पाण्यात भिजत टाकली, रापीनं कडेचं झिजलेलं कातडं कापलं, आरीनं भोक पाडलं की वादी आत, भोक पाडलं की वादी आत, आणि प्रत्येक वेळी ओढून घ्यायचं ते अख्ख्या खांद्यानं. खिळा म्हणून कुठं नाही. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं कातडं, त्याचा तो वास, पहिल्यांदा नाकाला झोंबतो, नंतर आवडायला लागतो. चपलेच्या बाजूला पट्टा धरून ठेवतो त्याला कान म्हणतात, वरच्या विणीला वेणी म्हणतात, म्हणजे कान आणि वेणी पायात! कापशी वेगळी, कुरुंदवाडी वेगळी, हे पण तिथंच कळलं. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला जीआय (म्हणजे भौगोलिक मानांकन) मिळाला तो महाराष्ट्र आणि कर्नाटक दोघांना मिळून आहे, कारण बेळगाव, धारवाडकडचे कारागीर पण हीच चप्पल करतात. काकांना जीआयचं विचारलं तर म्हणाले, "त्ये कागदाचं ऱ्हाऊंद्या, कातडं बघा." दुसऱ्या पायाचा तळवाच बदलावा लागणार होता. म्हणाले चार दिवसांनी या.

चार दिवसांनी मी नाशकात असणार होतो, ते पुढं बघू.

तिथून चालत निघालो, ऊन झालं होतं, म्हणून टाऊन हॉलच्या बागेत शिरलो. ही इमारत १८७० च्या दशकातली, चार्ल्स मँट नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं डिझाईन केलेली, आता आत म्युझियम आहे. तीन वर्षं समोरून गेलोय, आत कधी नाही. का नाही गेलो तर म्युझियम म्हटलं की शाळेची ट्रिप आठवते. आत गेलो ते फॅनखाली उभं राहायला, आणि एका काचेच्या पेटीत एक ब्राँझचा माणूस दिसला, वीतभरसुद्धा उंची नाही, एक हात वर केलेला. पाटी वाचली. पोसायडन. ग्रीकांचा समुद्रदेव! कोल्हापुरात! पंचगंगेच्या काठाला ब्रह्मपुरीची टेकडी आहे, तिथं १९४० च्या दशकात उत्खनन झालं, त्यात ही मूर्ती आणि रोमन बनावटीची आणखी भांडीकुंडी मिळाली. म्हणजे सातवाहनांच्या काळात कोकणातल्या बंदरात गलबतं लागायची, माल घाट चढून वर यायचा, आणि त्या मालाबरोबर हा समुद्राचा देव घाट चढून आला आणि मातीत गाडला गेला. समुद्र कुठं आणि हा कुठं. मी त्याच्यासमोर चांगली दहा मिनिटं उभा होतो, सज्जाकोठीवर दोन मिनिटं उभा राहिलो नाही त्या वर्षी, हे पण लक्षात घ्या.

आता दूध. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला ताईनं हलवून उठवलं आणि हातात किटली दिली. गंगावेशीत दूध कट्टा आहे. तिथं म्हशी बांधलेल्या असतात आणि तुमच्या डोळ्यासमोर धार काढून देतात, फेसाळलेलं, गरम, म्हणजे गॅसवरचं गरम नाही, म्हशीचं गरम. शेजारी तालमीतून आलेली पोरं उभी, अंगाला लाल माती लागलेली, मान आणि खांदा कुठं वेगळा होतो ते कळत नाही, आणि एका दमात ग्लास रिकामा करून दुसरा पुढं. मी पण जोशात एक ग्लास घेतला. माझं शहरातलं पोट, दुपारपर्यंत मला त्या ग्लासाची आठवण येत होती, जास्त सांगत नाही. पण ज्यांना सवय नाही त्यांनी अर्ध्यावर थांबा.

तिथल्याच एका पोरानं विचारलं, "पावणं, खासबाग बगितलं का?" मी म्हटलं बघितलं की, रिकामं मैदान आहे. तो हसला. म्हणाला, "रिकामं बगून काय कळतंय?" बरोबर होतं त्याचं. शाहू महाराज १९०२ मध्ये युरोपला गेले होते, तिथली आखाडे-नाट्यगृहं बघून आले आणि १९१२ मध्ये हे मैदान उभं राहिलं, मधे लाल मातीचा हौदा आणि भोवती चढत गेलेल्या बसायच्या जागा, कुठंही बसा, समोरच्याचं डोकं आड येत नाही. हे मी नंतर एका कुस्तीच्या मैदानाला दाजींबरोबर जाऊन बघितलं, अगदी मागं, वरच्या अंगाला बसलो होतो आणि हौद्यातल्या पैलवानानं शड्डू ठोकला तो थेट छातीत ऐकू आला. शेजारी एक आजोबा प्रत्येक डाव आधी सांगायचे, आता बघा ढाक लावतोय, आणि लावायचाच. पहिले हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे, १९५९ चे, ते कोल्हापूरच्याच तालमीत घडले, हे पण त्यांनीच सांगितलं, स्वतःच्या घरचा पोरगा असल्यासारखं.

खासबागेला लागूनच केशवराव भोसले नाट्यगृह, १९१५ चं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं. त्यानंतर गेलो तेव्हा दाजींनी नेहमीचा रस्ता सोडून गाडी त्या बाजूला घेतली, काही न बोलता थांबवली, आम्ही दोघं बघत बसलो. दाजी म्हणाले, "माझं पयलं नाटक हितंच." मग गाडी चालू केली. तेवढंच.

बरं, काम घेऊन जायचं हा एक भाग झाला. दुसरा म्हणजे वेळ बदला. आम्ही सगळे जातो दिवाळीत नाहीतर मे महिन्यात आणि मग म्हणतो तेच तेच आहे. अहो शहर तेच नसतं, आपली तारीख तीच असते! एकदा मी ऑफिसच्या कामानं जुलैत गेलो. स्टँडवर उतरल्यापासून जो तो एकच विचारत होता, पाणी किती फुटावर? मला आधी कळेना कसलं पाणी. पंचगंगेचं. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटाला इशारा पातळी, ४३ ला धोका, आणि हे आकडे तिथं शाळेतल्या पोराला पण पाठ, कारण २०१९ आणि २०२१ चा पूर सगळ्यांनी अंगावर घेतलाय. संध्याकाळी घाटाच्या बाजूला माणसं नुसती पाणी बघायला उभी, मी पण उभा. पहिल्या वर्षी त्याच घाटावर मी पाय सोडून बसलो होतो, त्या पायऱ्या दिसतच नव्हत्या, दीपमाळांची नुसती टोकं वर.

आणि एकदा गेलो फेब्रुवारीअखेर, तेव्हा फुटबॉल. मंडळी, कोल्हापूर म्हणजे कुस्ती हे अर्धंच खरं आहे. तालमींच्या नावानं तिथं फुटबॉलच्या टीम आहेत, पाटाकडील तालीम, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ, आणि शाहू स्टेडियमवर मॅच असली की पेठाच्या पेठा रिकाम्या. २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्डकपला भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच. ताईच्या घरात बापू पाटाकडीलचा, दाजी दिलबहारचे, आणि त्या दिवशी नेमकी दोघांची मॅच. सकाळपासून बापलेक बोलत नव्हते. ताईनं दोघांना वेगवेगळ्या वेळी जेवायला वाढलं. मी मधे पाहुणा, मला दोघं विचारतात "तुमी कुणाकडनं?" मी म्हटलं मी नाशिककडनं. स्टेडियमवर दाजी एका बाजूला बसले, बापू पोरांबरोबर दुसऱ्या बाजूला, आणि गोल झाला की दाजी मैदानाकडे न बघता आधी समोरच्या गर्दीत पोराला शोधायचे. कोण जिंकलं ते सांगत नाही, घरात अजून विषय काढलेला चालत नाही.

देवळाचं पण तसंच. अंबाबाईला मी दर वर्षी जायचो, सकाळी लवकर, रांग कमी म्हणून. देवी पश्चिमेला तोंड करून आहे हे कधी डोक्यात आलं नाही. वर्षातून दोनदा, ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर, मावळतीची किरणं महाद्वारातून सरळ आत येतात, गरुड मंडप, कासव चौक, पितळी उंबरा असं करत करत गाभाऱ्यात, पहिल्या दिवशी पायावर, मग कमरेपर्यंत, मग चेहऱ्यावर. एका वर्षी भाऊबीज त्याच सुमाराला आली. गर्दीत उभा होतो, ऊन जमिनीवरून अक्षरशः सरपटत येताना दिसत होतं, इतकी माणसं पण आवाज नाही, आणि पितळी उंबऱ्यापर्यंत आलं आणि ढग. सगळ्यांच्या तोंडून एकदम "आऽऽ". संपलं. शेजारची बाई म्हणाली, "अकरावं वर्स माझं, दोनदाच घावलंय." आणि हसत हसत निघाली.

एक सावधगिरीची गोष्ट सांगतो, नाहीतर म्हणाल हा सगळं गोडच सांगतो. मोबाईलवर "कोल्हापूरमधल्या अनोळखी जागा" असं शोधून मी एका मिसळवाल्याकडे गेलो होतो, नाव घेत नाही, तासभर रांग, रांगेत सगळे पुण्या-मुंबईचे, सगळे तेच वाचून आलेले, आणि मिसळ ठीक. ताईला सांगितलं तर म्हणाली, "आमच्यातलं कोण जातंय तिकडं!" तेव्हापासून मी मोबाईलला विचारत नाही. रिक्षात बसलं की रिक्षावाल्याला विचारतो की तुम्ही कोणत्या पेठेतले. एवढंच विचारायचं. पुढची पंधरा मिनिटं तुम्हाला काही करावं लागत नाही. बिंदू चौकातले फुले-आंबेडकरांचे पुतळे १९५० साली बसवलेत, म्हणजे बाबासाहेब हयात असताना, हे मला रिक्षात कळलं, आणि बाबूराव पेंटरांनी शंभर वर्षांपूर्वी सिनेमाचा कॅमेरा स्वतःच्या हातानं कोल्हापुरातच बनवला हे पण रिक्षातच.

काकवीचं राहिलं. काकवी त्या वर्षी मिळालीच नाही, गुऱ्हाळं जेमतेम सुरू होत होती. पुढं एकदा डिसेंबरात दाजी गुऱ्हाळावर घेऊन गेले, काहिलीत रस उकळतोय, वर मळी काढतायत, धूर डोळ्यात, आणि गुळव्यानं उलथन्यावर थेंब घेऊन बोटांनी बघितलं आणि म्हणाला अजून दोन मिनिटं, आणि खरंच दोन मिनिटांनी काहील उतरवली, घड्याळ कुणाच्याच हातात नव्हतं. ताटलीत गरम गूळ घेऊन उभ्यानंच खाल्ला, जीभ भाजली.

आणि दाजींची चप्पल. ती मी चार दिवसांनी आणू शकलो नाही, दाजींना दुकानाची खूण सांगितली तर त्यांना सापडेना, त्या लाईनीत सगळी दुकानं सारखीच. दोन महिने ते दुसऱ्या चपलेवर काढत होते. शेवटी ताईचा फोन आला, "तूच ये आणि घेऊन जा, तुझ्याशिवाय ते दुकान काही सापडायचं नाही." जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यातलं रिझर्व्हेशन करून टाकलं. एकतीस तारखेला संध्याकाळी मी देवळात असणार होतो, आणि चपलेचं काम सकाळीच उरकून घेणार होतो.