नोंदी आत, उत्तरं बाहेर

(दृश्य: इंग्लंडमधला एक दवाखाना. संगणकाच्या पडद्यावर नोंदींच्या ओळी सरकताहेत. नाव आणि पत्त्याची जागा धूसर.)

मार्च २०२०. इंग्लंडमधली रुग्णालयं कोविडच्या रुग्णांनी भरत चालली होती. हा आजार नेमका कोणाच्या जिवावर उठतो, हे डॉक्टरांना तातडीनं कळायला हवं होतं. वय वाढलं की धोका वाढतो, एवढं दिसत होतं. पण मधुमेह असलेल्या चाळिशीतल्या बाईला किती धोका? रोज दम्याचा पंप घेणाऱ्याला? किडनी बदललेल्या माणसाला? घरातच थांबा असं कोणाला सांगायचं आणि कामावर कोणाला पाठवायचं, हे या उत्तरांवर ठरणार होतं.

उत्तरं कुठे सापडतील हे माहीत होतं. इंग्लंडमध्ये जवळपास प्रत्येक माणूस कुठल्या ना कुठल्या फॅमिली डॉक्टरकडे नोंदलेला असतो. तिथे त्यांना जीपी म्हणतात. खोकल्यापासून कॅन्सरपर्यंत, रक्तदाबापासून लसीपर्यंत सगळं जीपीच्या संगणकात चढतं. माणूस घर बदलतो, डॉक्टर बदलतो, नोंद त्याच्यामागे जाते. एवढ्या मोठ्या लोकसंख्येचा इतका सलग वैद्यकीय इतिहास जगात फार थोड्या ठिकाणी आहे.

पण त्याच नोंदीत आणखीही बरंच काही असतं. वीस वर्षांपूर्वीचा गर्भपात असतो. नैराश्याच्या गोळ्या, दारू सोडण्याचे फसलेले प्रयत्न असतात. घरात मारहाण होते, हे बाईनं फक्त डॉक्टरला सांगितलेलं असतं. हे सगळं लोकांनी सांगितलं ते बरं व्हायला, आणि दार बंद आहे या भरवशावर. तो भरवसा एकदा उडाला तर माणूस पुढच्या वेळी डॉक्टरपासूनच गोष्टी लपवतो. मग उपचारही चुकतात आणि नोंदीही खोट्या होतात. म्हणून खासगीपणाकडे संशोधनाच्या वाटेतला अडथळा म्हणून पाहणं मला पटत नाही. नोंद खरी राहते ती या भरवशामुळेच.

(दृश्य: जुनी छापील मतदार यादी. एक बोट ओळींवरून खाली सरकतं.)

मग नावं काढून टाकली की झालं, असं कोणालाही वाटेल. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात १९९०च्या दशकात नेमकं हेच केलं गेलं. सरकारी कर्मचाऱ्यांच्या विम्याची माहिती, नाव आणि पत्ता वगळून, संशोधकांना दिली गेली. लोकांची ओळख सुरक्षित आहे, अशी ग्वाही गव्हर्नर विल्यम वेल्ड यांनी दिली होती. लतान्या स्वीनी तेव्हा एमआयटीत शिकत होत्या. वेल्ड त्याच राज्यातल्या केंब्रिज शहरात राहतात हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी २० डॉलर भरून त्या शहराची मतदार यादी विकत घेतली आणि विम्याच्या माहितीशेजारी ठेवली. जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड दोन्हींत होते. वेल्ड यांच्या जन्मतारखेचे मतदार सहा निघाले. त्यातले पुरुष तीन. आणि त्यांच्या पिनकोडातला एकच. खुद्द गव्हर्नरांच्या आजारपणाच्या नोंदी स्वीनींच्या समोर होत्या.

पुढे स्वीनी यांनी हिशेब मांडला: जन्मतारीख, लिंग आणि पाच आकडी पिनकोड, एवढ्या तीन गोष्टींवरून अमेरिकेतली सुमारे ८७ टक्के माणसं एकटी ओळखता येऊ शकतात. जीपीच्या नोंदीत तर तीन गोष्टींवर भागत नाही. एखाद्या बाईची मुलं कोणत्या साली झाली, ती कोणत्या वर्षी दुसऱ्या गावी गेली, तिचा हात कधी मोडला, हे तिच्या ओळखीच्या कोणालाही ठाऊक असतं. नाव खोडलेल्या कोट्यवधी नोंदींतून तिची नोंद शोधायला तेवढं पुरतं. आणि एकदा ती सापडली की बाकीचं पानही वाचता येतं.

(दृश्य: सर्व्हरची खोली. हिरवे दिवे.)

ऑक्सफर्ड विद्यापीठातले बेन गोल्डेकर, लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिनमधले संशोधक आणि जीपींना सॉफ्टवेअर पुरवणारी टीपीपी ही कंपनी, यांनी इंग्लंडच्या आरोग्यसेवेसाठी वेगळी वाट धरली. पुढे ईएमआयएस ही दुसरी कंपनीही त्यात आली. या व्यवस्थेचं नाव ओपनसेफ्ली. आजवरची रीत अशी होती की संशोधकानं परवानगी मागायची आणि माहितीची प्रत आपल्या विद्यापीठात न्यायची. प्रतीच्या प्रती निघायच्या, आणि पुढे त्या कोणाच्या संगणकात आहेत यावर लक्ष ठेवणं कठीण व्हायचं. इथे प्रत निघतच नाही. धान्य कोठारातच राहतं, जातं आत नेलं जातं, आणि पीठ तेवढं बाहेर येतं.

प्रत्यक्षात हे कसं चालतं, ते दम्याच्या उदाहरणावरून पाहू.

संशोधकाला दम्याचा आणि कोविडच्या मृत्यूंचा संबंध तपासायचा आहे. पहिला प्रश्न: दमा कोणाला म्हणायचं? लहानपणी एकदा निदान झालं होतं त्याला? की गेल्या वर्षभरात ज्याला स्टिरॉइडच्या गोळ्या घ्याव्या लागल्या त्याला? डॉक्टर निदानाची नोंद सांकेतिक क्रमांकात करतात आणि एका दम्यासाठी असे ढीगभर क्रमांक असतात. त्यातले कोणते धरायचे याची यादी संशोधक बनवतो. ही यादी सगळ्यांसमोर ठेवली जाते. दुसरा कोणी ती वापरतो, तिसरा तिच्यातली चूक दाखवतो.

मग तो कोड लिहितो, म्हणजे काय मोजायचं याच्या संगणकाला द्यायच्या सूचना. हा कोड चालवून पाहायला त्याला मिळतात बनावट रुग्ण. संगणकानं वय, वजन, आजार वाटेल तसे जोडून तयार केलेले. त्यांच्यात ऐंशी वर्षांची गरोदर बाईसुद्धा असू शकते. तरी चालतं, कारण कोड कुठे अडखळतो एवढंच इथे पाहायचं असतं. कोड नीट चालला की तो सुरक्षित सर्व्हरकडे पाठवला जातो आणि तिथे खऱ्या नोंदींवर चालतो. संशोधकाला एकाही रुग्णाची ओळ दिसत नाही. त्याच्यापर्यंत पोचतात ती कोष्टकं आणि आलेख.

तेही थेट नाही. प्रशिक्षित तपासनीस प्रत्येक कोष्टक नजरेखालून घालतात. कारण नुसता आकडाही चुगली करतो. समजा कोष्टकात लिहिलं आहे: अमुक भाग, वय १६ ते १९, अमुक दुर्मीळ आजार, संख्या १. त्या भागातल्या शाळेला, शेजाऱ्यांना नाव सांगायची गरज उरत नाही. म्हणून लहान आकडे झाकले जातात. पण त्यानंही भागत नाही. एका कोष्टकात १६ वर्षांपासून पुढचे रुग्ण ४४ आहेत असं धरा. महिन्याभरानं दुसरा संशोधक तोच हिशेब १७ वर्षांपासून करतो आणि ४३ छापतो. दोन्ही आकडे एकेकटे निरुपद्रवी दिसतात. वजाबाकी केली की सोळा वर्षांचा एक मुलगा उघडा पडतो. म्हणून आकडे पाचाच्या पटीत गोळा केले जातात. ४४चे ४५ होतात, ४३चेही ४५. वजाबाकी शून्य. उत्तराला त्यानं फारसा धक्का लागत नाही, मुलगा मात्र झाकलेला राहतो.

(दृश्य: आलेख हळूहळू उमटतो.)

मार्चअखेर सुरू झालेल्या या कामाचे पहिले निष्कर्ष मेच्या पहिल्या आठवड्यात हाती आले. जुलै २०२०मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात शोधनिबंध छापून आला. त्यात १ कोटी ७२ लाख ७८ हजार ३९२ प्रौढांच्या नोंदी आणि कोविडशी संबंधित १०,९२६ मृत्यू तपासले होते. पन्नाशीतल्या माणसाशी तुलना केली तर ऐंशीच्या पुढच्यांना मृत्यूचा धोका वीसपटीहून जास्त होता. पुरुषांना स्त्रियांपेक्षा जास्त. मधुमेह आटोक्यात नसेल तर जास्त, गरीब वस्तीत राहणाऱ्यांना जास्त. कृष्णवर्णीय आणि दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांना गोऱ्यांपेक्षा सुमारे दीडपट. आधीचे आजार आणि गरिबी जमेस धरल्यावरही ही तफावत पूर्ण मिटत नव्हती. म्हणजे कारण आणखी कुठेतरी शोधायला हवं, हे या आकड्यानं ठणकावून सांगितलं.

त्याच वसंतात दुसरीकडे काय घडत होतं, तेही पाहायला हवं. २२ मे रोजी ‘लॅन्सेट’ या नामांकित नियतकालिकात एक निबंध आला. सहा खंडांतली ६७१ रुग्णालयं, ९६,०३२ रुग्ण. निष्कर्ष असा की हायड्रॉक्सीक्लोरोक्विन हे मलेरियावरचं जुनं औषध दिलेले कोविडचे रुग्ण जास्त दगावतात. माहिती पुरवली होती सर्जिस्फिअर नावाच्या अमेरिकी कंपनीनं. तीनच दिवसांत जागतिक आरोग्य संघटनेनं आपल्या चाचणीतलं हे औषध तात्पुरतं थांबवल्याचं जाहीर केलं. मग शंका यायला लागल्या. ऑस्ट्रेलियातले निबंधात मोजलेले मृत्यू तिथल्या अधिकृत आकड्यापेक्षा जास्त निघाले. स्वतंत्र तपासणीसाठी मूळ माहिती मागितली, तेव्हा कंपनीनं ग्राहकांशी झालेले करार आणि गोपनीयतेचं कारण पुढे करून ती नाकारली. ४ जूनला निबंध मागे घेतला गेला. महासाथीच्या ऐन भरात, लोक मरत असताना, जगाचे मोलाचे दिवस एका पडद्याआडच्या माहितीनं वाया घालवले.

रुग्णाला झाकायला केलेली गोपनीयता इथे कंपनीच्या कामाला पांघरूण म्हणून वापरली गेली, याचा मला खरोखर राग येतो.

याच औषधाबद्दल ओपनसेफ्लीतूनही अभ्यास झाला. संधिवात किंवा ल्यूपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते असा आजार) असलेले १,९४,६३७ लोक. त्यातले ३०,५६९ जण साथीच्या आधीपासूनच हे औषध घेत होते. या गोळ्यांनी कोविडच्या मृत्यूपासून संरक्षण मिळतं का? तसा पुरावा मिळाला नाही. मृत्यू वाढल्याचंही दिसलं नाही. या अभ्यासातल्याही नोंदी बाहेरच्या कोणी पाहिल्या नाहीत. कोड मात्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत उघडा होता. ज्याला शंका असेल त्यानं वाचावा.

(दृश्य: वैद्यकीय नोंदीतला एक रकाना. रिकामा.)

या पद्धतीचे त्रासही आहेत. संशोधकाला नोंदी डोळ्यांनी चाळता येत नाहीत. एखादा आकडा विचित्र वाटला तर मूळ ओळ उघडून पाहण्याची सोय नाही, पुन्हा कोड लिहा, पुन्हा थांबा. शिवाय या नोंदी संशोधनासाठी लिहिलेल्याच नसतात. पहिल्या अभ्यासात सुमारे २६ टक्के लोकांच्या वंशाचा रकाना कोराच होता. धूम्रपानाची नोंद कित्येकदा जुनी असते. या उणिवा कुठलाही सर्व्हर भरून काढत नाही. सावकाश काम करावं लागण्याचा त्रास मात्र संशोधकांनी सोसावा, असं माझं स्पष्ट मत आहे. दुसऱ्यांच्या आयुष्यातल्या गोष्टी ते वापरत आहेत.

आणि रुग्णाच्या संमतीचं काय? कोट्यवधी लोकांना एकेक करून विचारलं नव्हतं. आणीबाणीच्या काळात रुग्णांच्या माहितीबद्दलच्या २००२च्या नियमांखाली सरकारनं खास सूचना काढल्या आणि कोविडच्या कामासाठी नोंदी वापरायला मुभा दिली. त्या सूचना ३० जून २०२२ला संपल्या. अशी मुभा तारीख घालूनच द्यायला हवी.

दरम्यान २०२१मध्ये सरकारनं जीपींच्या नोंदी एका मध्यवर्ती साठ्यात गोळा करण्याची योजना आणली. सुरुवात व्हायची होती १ जुलैला. लोकांपर्यंत माहिती धड पोचलीच नव्हती. साठ्यात काय जाणार, कोणाला मिळणार, कंपन्यांना मिळणार का, या प्रश्नांची उत्तरं सापडेनात. दहा लाखांहून अधिक लोकांनी आपलं नाव त्यातून काढून घेतलं. योजना आधी पुढे ढकलली गेली, मग अनिश्चित काळासाठी थांबली. एप्रिल २०२२मध्ये गोल्डेकर यांचा सरकारसाठी केलेला अहवाल आला. त्यात त्यांनी सुचवलं की प्रती वाटत बसणं थांबवा आणि विश्लेषण सुरक्षित व्यवस्थेच्या आतच करा.

ओपनसेफ्लीच्या संकेतस्थळावर आजही एक जाहीर नोंदवही आहे. खऱ्या नोंदींवर चाललेला प्रत्येक कोड तिच्यात आपोआप टिपला जातो: कोणत्या प्रकल्पासाठी, कोणत्या दिवशी, कोणी चालवला. मध्येच बंद पडलेले प्रयत्नसुद्धा. ही वही वाचायला कोणाची परवानगी लागत नाही. ज्यांच्या नोंदी तपासल्या गेल्या, त्या रुग्णांनाही नाही.